मूळ प्रत शेजारी ठेवून ‘शेरलॉक’ कशी पाहावी

माझं काम मुद्रितशोधनाचं. 1986 साली पुण्यातल्या एका छापखान्यात लागले, तेव्हा खिळे जुळवायचे दिवस होते आणि प्रूफ दोघांनी मिळून तपासायची पद्धत होती. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, अगदी ‘स्वल्पविराम, अवतरण पूर्ण, नवा परिच्छेद’ असं सगळं म्हणत, आणि दुसऱ्यानं प्रुफावर पेन्सिल फिरवत जायचं. ती सवय हाडीमासी खिळली. आजही कशाची दुसरी आवृत्ती हातात आली की माझे डोळे पहिली शोधायला लागतात.

बीबीसीची ‘शेरलॉक’, म्हणजे शेरलॉक होम्सला आजच्या लंडनमध्ये आणणारी मालिका, मी पाहिली ती भाच्यामुळे. अद्वैत तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि सुट्टीला आमच्याकडे आला होता. पहिला भाग संपल्यावर मी होम्सचं जुनं पुस्तक काढून त्याच्या हातात ठेवलं. दोन दिवसांनी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, “मावशी, तुझ्या पुस्तकात घोळ आहे. भिंतीवरच्या शब्दाचा अर्थ यांनी चुकीचा लावलाय. ते रेचेल आहे.” माझे हात कणकेत होते, तशीच हसत सुटले. मालिका हे मूळ आणि पुस्तक ही तिची बिघडलेली नक्कल, असंच पोराला वाटत होतं!

तेव्हापासून आम्ही दोघं ही मालिका प्रूफ तपासावं तशी पाहतो. ती रीत सांगते. रहस्यं फुटणार आहेत. ज्यांना ते खपत नाही त्यांनी आधी मालिका उरकून यावं.

सामान फार नाही. एक वही, एक पेन्सिल, रिमोट आणि मूळ कथा. आर्थर कॉनन डॉयलनी होम्सच्या चार कादंबऱ्या आणि 56 कथा लिहिल्या. ते 1930 साली वारले, त्यामुळे इंग्रजी मजकूर आता नेटवर फुकट मिळतो. मराठीत वाचायचं असेल तर भालबा केळकरांचा अनुवाद जुन्या वाचनालयात विचारा. मालिका त्यामानानं आटोपशीर: 2010 ते 2017 या काळात तीन-तीन भागांचे चार सीझन आणि 2016च्या एक जानेवारीला दाखवलेला एक सुटा भाग, म्हणजे एकूण तेरा. प्रत्येक साधारण दीड तासाचा. ‘आधी साठच्या साठ वाचते, मग पाहते’ असं ठरवू नका. तसं ठरवणारी माणसं वाचतही नाहीत आणि पाहतही नाहीत.

पहिल्या भागासाठी 1887ची ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ घ्या, पण सगळी नको. तिचे दोन खंड आहेत, सात-सात प्रकरणांचे. दुसऱ्या खंडाची पहिली पाच प्रकरणं अमेरिकेत यूटाच्या वाळवंटात घडतात आणि तिथे होम्सचा पत्ताच नसतो. मालिकेनं ती पाच प्रकरणं सरळ उडवली आहेत, तुम्हीही उडवा. पहिला खंड आणि दुसऱ्यातली शेवटची दोन प्रकरणं एवढं वाचलं की पुरे. दोन संध्याकाळी होतात.

बोलताना घोळ होऊ नये म्हणून एक नियम करा. पुस्तकातल्यांना होम्स आणि वॉटसन म्हणायचं, पडद्यावरच्यांना शेरलॉक आणि जॉन. मालिकेतही ते एकमेकांना पहिल्या नावानंच हाक मारतात. व्हिक्टोरियाच्या काळातले दोन गृहस्थ इतकी वर्षं एकत्र काढूनही आडनावावरून खाली उतरले नाहीत, आणि आजचे दोघं पहिल्याच दिवशी उतरतात. हा बदल वहीत पहिला लिहा.

वहीत तीन रकाने आखायचे. पहिल्यात जुनी वस्तू. दुसऱ्यात ती वस्तू कथेत काय काम करत होती ते. तिसऱ्यात आज ते काम कोण करतं. लोक बहुधा पहिला आणि तिसरा भरतात: तारेच्या जागी मेसेज, पाइपच्या जागी निकोटिनची पट्टी, वॉटसनच्या मासिकातल्या लेखनाच्या जागी जॉनचा ब्लॉग, रस्त्यावरच्या पोरांच्या जागी बेघर माणसं. ही यादी शाळेतली जोड्या जुळवासारखी आहे, कुणीही करेल. खरी गंमत मधल्या रकान्यात असते.

एक नोंद पूर्ण करून दाखवते. पहिल्या भागात टॅक्सीत बसल्या बसल्या शेरलॉक जॉनच्या फोनवरून त्याच्या घरची कुंडली मांडतो. इथे थांबा आणि ‘द साइन ऑफ फोर’चं पहिलं प्रकरण उघडा. (हो, दुसरी कादंबरी. मालिकेनं तो प्रसंग तिथून उचलून आधी आणलाय.) तिथे वॉटसन होम्सला एक खिशातलं घड्याळ देतो आणि म्हणतो, सांग याच्याबद्दल. होम्सला त्यावर आद्याक्षरं दिसतात. घड्याळ पन्नास वर्षांचं, म्हणजे वडिलांचं, म्हणजे रिवाजाप्रमाणे थोरल्या मुलाकडे गेलेलं. कडेला पोचे, कारण नाण्या-किल्ल्यांबरोबर एकाच खिशात कोंबलेलं. झाकणाच्या आत सुईच्या टोकानं कोरलेले चार आकडे, म्हणजे चार वेळा गहाण पडलेलं. आणि किल्ली द्यायच्या भोकाभोवती ओरखडे, कारण दारूड्याचा हात रात्री थरथरतो.

आता फोन. मागे कोरलंय: हॅरी वॉटसनला, क्लाराकडून. ओरखडे तेच, नाण्या-किल्ल्यांचे. चार्जरची पिन जिथे जाते तिथल्या खुणाही त्याच, थरथरत्या हाताच्या. इथवर नक्कल अगदी शब्दाला शब्द. पण फोन सहा महिन्यांपूर्वीचा आहे. पन्नास वर्षांचं घड्याळ बापाकडून मुलाकडे येतं; सहा महिन्यांचा फोन वारशानं येत नाही, तो कुणीतरी कुणाला तरी देऊन टाकतं. त्यामुळे शेरलॉकला बापाऐवजी लग्न शोधावं लागतं. बायकोनं दिला, लग्न मोडलं, त्यानं फोन भावाला देऊन टाकला. वस्तू बदलल्यावर नातंसुद्धा बदलावं लागलं, आणि लेखकांनी ते केलं. वर त्याला एका जागी चुकवलंही: हॅरी हा भाऊ नसून बहीण निघते, हॅरिएट. होम्स घड्याळाच्या बाबतीत चुकला नव्हता.

मधल्या रकान्यात आम्ही लिहिलं: ‘मालकाची लाज मालकाच्या वस्तूवर असते.’ हे वाक्य अद्वैतचं. मी नुसता ऱ्हस्व-दीर्घ पाहिला.

रकाने भरत असतानाच समासात खुणा करायच्या. माझ्या तीनच आहेत. ‘राहू द्या’, म्हणजे जसंच्या तसं ठेवलंय. ‘वगळा’, म्हणजे काढून टाकलंय. आणि ‘उलट’, म्हणजे मुद्दाम फिरवलंय.

‘राहू द्या’चं उत्तम उदाहरण अगदी सुरुवातीला सापडतं. होम्स वॉटसनला पहिल्या भेटीत म्हणतो, तुम्ही अफगाणिस्तानात होता असं दिसतं. वॉटसन हा सैन्यातला डॉक्टर. त्याची पलटण हिंदुस्थानात होती. तो बोटीनं मुंबईला उतरतो तर पलटण आधीच खिंडीपलीकडे गेलेली. तिच्या मागोमाग जातो आणि 1880च्या मैवंदच्या लढाईत गोळी खातो. बरोबर 130 वर्षांनी, 2010 साली मालिका आली तेव्हा ब्रिटिश सैनिक पुन्हा अफगाणिस्तानात होतेच. शेरलॉकला फक्त एवढं विचारावं लागलं: अफगाणिस्तान की इराक? सगळ्यात जुनी वाटणारी गोष्ट बदलावीच लागली नाही. ही नोंद करताना मला हसू आलं नाही.

‘उलट’ची खूण आमच्या भांडणाच्या जागी येते. पुस्तकात खोलीच्या भिंतीवर रक्तानं ‘राखे’ असं लिहिलेलं असतं. इन्स्पेक्टर लेस्ट्राड खूश होऊन सांगतो, कुणीतरी रेचेल हे नाव लिहिता लिहिता थांबलं. होम्स जाता जाता त्याचा फुगा फोडतो: राखे म्हणजे जर्मनमध्ये सूड, मिस रेचेलच्या शोधात वेळ घालवू नका. मालिकेत तीच अक्षरं मरणाऱ्या बाईनं नखांनी जमिनीवर खरडली आहेत. पोलिसांचा तज्ज्ञ अँडरसन दारात येऊन ऐटीत सांगतो, हा जर्मन शब्द आहे, अर्थ सूड. शेरलॉक त्याच्या तोंडावर दार लावतो. शब्द रेचेलच आहे. पुस्तक वाचलेला प्रेक्षक त्या क्षणी अँडरसनच्या शेजारी दाराबाहेर उभा असतो, हे लक्षात घ्या. मी उभी होते. तीस-पस्तीस वर्षांचं वाचन आणि तोंडावर दार! शिवाय पुस्तकात तो शब्द खुनी माणसानं दिशाभूल करायला लिहिला होता, इथे तो खरा धागा होतो. त्याच शब्दानं फोनचा माग लागतो.

पाहण्याच्या दोन व्यावहारिक सूचना. उपशीर्षकं चालू ठेवा, कारण शेरलॉकचं काम करणारा बेनेडिक्ट कंबरबॅच अनुमानं सांगायला लागला की मधे श्वास घेत नाही. मात्र मालिकेत मेसेज आणि शेरलॉकचे विचारही पडद्यावर अक्षरांत उमटतात, आणि दोन्ही मजकूर एकदम वाचणं माझ्या डोळ्यांनाही जमलं नाही. म्हणून पहिल्यांदा अखंड पाहायचं, वही मिटून. दुसऱ्या फेरीत थांबत थांबत. आमच्या घरी रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ही दुसरी फेरी चालते आणि दीड तासाच्या भागाला चार तास लागतात, त्यात एक चहा.

पहिल्या सीझनच्या डीव्हीडीवर एक तासाचा पायलट, म्हणजे टीव्हीवर न दाखवलेला नमुना भाग, मिळाला तर सोडू नका. मालिकेचे जनक स्टीव्हन मोफॅट आणि मार्क गॅटिस हे दोघं ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या कामासाठी रेल्वेनं कार्डिफला ये-जा करायचे, त्या प्रवासातल्या गप्पांतून ही कल्पना निघाली. आधी एक तासाचा भाग काढला, मग तो बाजूला ठेवून दीड तासाचा नव्यानं चित्रित केला. म्हणजे आपल्याला कच्चं प्रूफ आणि पक्कं प्रूफ दोन्ही बघायला मिळतात! कच्च्यात पडद्यावरची अक्षरं नाहीत आणि शेरलॉकचा थोरला भाऊ मायक्रॉफ्टही नाही. एकदा पाहिलं की कळतं, आपण ज्याला या मालिकेची शैली म्हणतो ती दुसऱ्या वाचनात आलेली आहे.

डॉयलसाहेबांच्या चुकांचं एक वेगळं पान करा. त्यांचं प्रूफ कोण वाचायचं कोण जाणे. पहिल्या कादंबरीत वॉटसनला गोळी खांद्यात लागली आहे. दुसरीत तो दुखरा पाय कुरवाळत बसतो. एका कथेत वॉटसनची बायको त्याला जेम्स म्हणते, त्याचं नाव जॉन असताना. आमच्या छापखान्यात असं सुटलं असतं तर मालकांनी सगळ्यांसमोर काढलं असतं. मालिकेनं काय केलं बघा: जॉन काठी टेकत लंगडतो, पण जखम खांद्यालाच आहे, लंगडणं मनाचं आहे. पहिल्याच भागात शेरलॉकच्या मागे धावता धावता तो काठी विसरतो. पुस्तकातली चूक पडद्यावर जॉनचा स्वभाव झाली. आणि जेम्सचं? जॉनच्या नावातलं मधलं अक्षर एच. मालिका सांगते, एच म्हणजे हॅमिश, आणि हॅमिश हे जेम्सचंच स्कॉटिश रूप. ही तोड लेखिका डोरोथी सेयर्सनी फार पूर्वी सुचवलेली. मालिकेनं ती उचलली.

भागांची नावंही प्रुफाच्या नजरेनं वाचा. ‘डाइंग डिटेक्टिव्ह’चं ‘लाइंग डिटेक्टिव्ह’ झालंय, एका अक्षरात मरणासन्न गुप्तहेराचा खोटारडा गुप्तहेर. ‘हिज लास्ट बाऊ’चं ‘हिज लास्ट व्हाऊ’, म्हणजे अखेरच्या मुजऱ्याची अखेरची शपथ. ‘एम्प्टी हाउस’चं ‘एम्प्टी हर्स’, रिकाम्या घराची रिकामी शववाहिका. छापखान्यात आम्ही याला मुद्रणदोष म्हणायचो.

पण शब्दाचा सगळ्यात सुंदर खेळ ‘द हाउंड्स ऑफ बास्करव्हिल’मध्ये आहे. याच्यासाठी मूळ कादंबरीची निदान पहिली दोन प्रकरणं वाचा. दुसऱ्याच्या शेवटी डॉक्टर मॉर्टिमर खालच्या आवाजात सांगतो की मृतदेहाजवळ पावलांचे ठसे होते आणि ते एका प्रचंड ‘हाउंड’चे होते. 1901 साली हा शब्द कुणाला खटकला नसता. मालिकेत घाबरलेला हेन्री नाइट तेच वाक्य जसंच्या तसं बोलतो. तोवर शेरलॉक त्याला वाटेला लावायच्या बेतात असतो. तो थांबतो, तेच शब्द पुन्हा उच्चारायला लावतो. आजकाल कुत्र्याला हाउंड कोण म्हणतं? आपल्याकडे कुणी भेदरलेल्या माणसानं ‘माझ्या अंगावर श्वान धावून आलं’ असं सांगितलं तर तुमचे कान टवकारतील की नाही? तसंच. सगळं काही आजचं केलं, एक शब्द जुना सोडला आणि त्या जुनेपणालाच पुरावा केलं. पुढे ती अक्षरं एका गुप्त लष्करी प्रयोगाच्या नावाची निघतात. मला विचाराल तर तेरा भागांत यापेक्षा हुशार ‘राहू द्या’ नाही.

सगळीच नोंद कौतुकाची होत नाही, आणि व्हायलाही नको. ‘अ स्कँडल इन बोहेमिया’ ही जुलै 1891ची कथा तासाभरात वाचून होते. तिच्यात आयरीन अॅडलरकडे राजाबरोबरचा एक फोटो आहे. होम्स पाद्री बनून तिच्या घरात शिरतो, वॉटसन बाहेरून धुराची नळी फेकून ‘आग, आग’ ओरडतो, आणि ती गडबडीत फोटो लपवलेल्या जागेकडे धावते. मालिकेत फोटोचा कॅमेऱ्याचा फोन झालाय आणि धुराची नळी जाऊन आगीची घंटा आलीये. आयरीनची नजर आरशाकडे जाते. इथवर चोख. पण मूळ कथेचं शेवटचं काम असं होतं की ती होम्सला ओळखते आणि दुसऱ्या दिवशी तो पोचायच्या आत चिठ्ठी ठेवून निघून जाते. हरतो तो होम्स. मालिकेत मधे एकदा ती त्याला सुई टोचून आडवा करते, हे मान्य. पण अखेर तिच्या फोनचं कुलूप तिच्याच मनातल्या प्रेमानं उघडतं आणि कराचीत तिची मान वाचवायला शेरलॉकच जातो. तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं: ‘हे काम आता कोणी करत नाही.’ अद्वैतला ते पटत नाही, त्यानं खाली प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. काढू दे.

‘द ब्लाइंड बँकर’ला वही उघडायचे कष्ट घेऊ नका. नाचऱ्या बाहुल्यांच्या कथेतली सांकेतिक लिपी तिथे चिनी आकड्यांत बदलली आहे, तेवढं टिपा. बाकी सर्कस आणि चिनी टोळी डॉयलच्या काळातलीच वाटते. चौथा सीझनही मला सैल वाटला. शेवटच्या भागात तर मूळ प्रत टेबलावरून कधी खाली पडली कळलं नाही. ‘द ग्रेट गेम’ मात्र आधी पाहा आणि ‘ब्रूस-पार्टिंग्टन प्लॅन्स’ नंतर वाचा. रेल्वेच्या टपावरचं प्रेत दोन्हीकडे आहे आणि मालिकेतून पुस्तकात उलटं जायला मजा येते. 2016चा सुटा भाग पाहायचा तो तिसऱ्या सीझननंतरच. तो 1895मध्ये घडतो, आणि ‘मस्ग्रेव्ह रिच्युअल’मध्ये होम्स एका ओळीत ज्या ‘भयंकर बायको’चा नुसता उल्लेख करून सोडतो, त्या एका ओळीवर तो उभा केलाय.

एक नोंद आम्हाला दोन सीझन पुरली. तिसऱ्या सीझनच्या शेवटी जॉनच्या बायकोकडे, मेरीकडे, एक पेनड्राइव्ह असतो आणि त्यावर चार अक्षरं: आग्रा. अद्वैत म्हणाला, “ताजमहालाचा काय संबंध?” मेरी सांगते, ती तिची आद्याक्षरं आहेत, आणि तिचं सगळं पूर्वायुष्य त्या ड्राइव्हवर आहे; चौथ्या सीझनमध्ये कळतं, ती तिच्यासह चौघांच्या टोळीच्या नावांची आद्याक्षरं. मी ‘द साइन ऑफ फोर’ काढलं. तिथेही मेरी आहे, आणि तिच्या वाट्याचा खजिना आहे आग्र्याच्या किल्ल्यातला, 1857च्या धामधुमीत लुटलेला. अद्वैतनं लगेच जोडी लावली: खजिना, पेनड्राइव्ह. मी म्हटलं, “मधला रकाना?”

तो पुस्तक घेऊन गॅलरीत गेला. अर्ध्या तासानं आला आणि उभ्या उभ्या मोठ्यानं वाचायला लागला. बनारसी कामाची लोखंडी पेटी वॉटसन मेरीसमोर फोडतो आणि ती रिकामी निघते. पाठलाग होत असताना चोरानं सगळं जवाहीर थेम्स नदीत पाच-एक मैलांच्या पट्ट्यात फेकत नेलेलं असतं. वॉटसनच्या तोंडून निघतं, देवाची कृपा! कारण एवढ्या श्रीमंत मुलीला मागणी घालायची त्याची हिंमत नव्हती. खजिना गेला आणि त्याचं तोंड उघडलं. आणि मालिकेत नाताळच्या दिवशी जॉन मेरीसमोर तो पेनड्राइव्ह, न वाचता, शेकोटीत टाकतो.

“म्हणजे मावशी,” तो म्हणाला, “दोन्हीकडे ते नाहीसं होण्यासाठीच आहे.”

त्यानं ते मधल्या रकान्यात लिहिलं, ‘नाहीसं’तला अनुस्वार विसरून. मी पेन्सिल घेतली, अनुस्वार दिला आणि समासात ‘राहू द्या’ची खूण केली.